सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याचा इन्साफ

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात उन्हाळ्याच्या सुटीत ओसरीवर कॅरमचा जो डाव मांडला जाई, त्यात खेळणाऱ्यांपेक्षा भांडणाऱ्यांची संख्या नेहमी अधिक असे, आणि त्या भांडणांचा निवाडा करण्याची मुखत्यारी, कोणी बहाल केलेली नसताना, मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेल्या एका शिरस्तेदारांनी आपल्याकडे घेतलेली होती. कोपर बोर्डावर आलं, स्ट्रायकर सुटल्यावर बोट पुन्हा लागलं, राणी घेताना सदऱ्याची बाही सोंगटीला घासली, अशी फिर्याद आली की ते हातातला अडकित्ता खाली ठेवीत आणि फिर्यादीला एकच प्रश्न विचारीत: "तू पाहिलंस, की तुला वाटलं?" वाटलं म्हणणाऱ्याची तक्रार तिथल्या तिथे दप्तरदाखल होई. आम्हां मुलांना हा जुलूम वाटे, कारण ज्याने बोट लावलेलं असे त्याच्या चेहऱ्यावर ते आम्हांला स्वच्छ वाचता येई. पण चेहरा हा पुरावा होत नाही, असं शिरस्तेदारांचं मत होतं आणि त्यावर अपील नव्हतं.

पुढे कित्येक वर्षांनी, व्यावसायिक पूलचे सामने पाहण्याचं आणि त्यातल्या तंट्यांचा मागोवा घेण्याचं व्यसन लागल्यावर, त्या खेळाच्या जागतिक नियमावलीत एक कलम वाचनात आलं आणि अडकित्त्याचा आवाज कानांत घुमला. फाऊल झाल्याची हाक पुढचा फटका सुरू होण्याआधी दिली गेली नाही, तर तो फाऊल झालाच नाही असं धरावं, असं ते कलम सांगतं. फाऊल माफ केला किंवा दुर्लक्षिला, असं त्यात म्हटलेलं नाही. तो घडलाच नाही, असं आहे. वस्तुस्थितीचं अस्तित्वच दाव्याच्या मुदतीवर अवलंबून ठेवणारं हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने आयुष्यात कधी तरी कोर्टाची पायरी झिजवलेली असली पाहिजे.

ज्यांनी पूल केवळ सिनेमात पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. स्पर्धांचं टेबल नऊ फुटी असतं. त्याचं खेळायचं क्षेत्र 100 इंच लांब आणि 50 इंच रुंद, चेंडू सव्वादोन इंच व्यासाचे, पॉकेटं सहा. 'नाइन-बॉल' या प्रकारात, ज्यावर व्यावसायिकांचा बहुतेक पैसा लागलेला असतो, पांढऱ्या चेंडूने टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला प्रथम स्पर्श केला पाहिजे, आणि त्या स्पर्शानंतर एक तर कोणता तरी चेंडू पॉकेटात गेला पाहिजे किंवा कोणता तरी चेंडू काठाच्या रबराला जाऊन भिडला पाहिजे. यांतलं काहीही चुकलं की फाऊल, आणि फाऊलची शिक्षा अशी की प्रतिस्पर्ध्याने पांढरा चेंडू हातात घ्यावा आणि टेबलावर मन मानेल तिथे ठेवून खेळावं. याला 'बॉल इन हँड' म्हणतात.

ही शिक्षा पूर्वी एवढी जबर नव्हती. एकेकाळी अमेरिकेत एका फाऊलवर प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू हातात मिळत नसे. अडचणीत सापडलेला खेळाडू चेंडू मुद्दाम भलतीकडे सरकवून देई आणि खेळ पुढे चाले. 1980च्या दशकात 'टेक्सास एक्स्प्रेस' या नावाने ओळखली जाणारी नियमांची पद्धत रूढ झाली आणि पहिल्याच फाऊलवर चेंडू हातात देण्याची वहिवाट पडली. खेळ वेगवान झाला, प्रेक्षकांना आणि पुढे दूरचित्रवाणीला तो मानवला. पण त्याच दिवसापासून फाऊलचा बाजारभाव चढला. टेबलावर तीन चेंडू उरलेले असताना निष्णात खेळाडूच्या हातात पांढरा चेंडू देणं म्हणजे त्याला सही केलेला कोरा धनादेश देणं होय. आणि जिथे धनादेश आला तिथे सहीबद्दलचा तंटाही आलाच.

फाऊलचे पुष्कळसे प्रकार तंट्याला वाव देत नाहीत. फटका मारताना दोन्ही पाय जमिनीवरून उचलले, चेंडू टेबलावरून उडून गुळगुळीत फरशीवर गडगडत गेला, हातातली चॉकची वडी पडून एखाद्या चेंडूवर आदळली: हे सारं आंधळ्यालाही ऐकू येतं. बाही लागण्याचा प्रकार थोडा अधिक गुंतागुंतीचा, कारण जागतिक नियमांप्रमाणे कोणत्याही चेंडूला शरीराचा वा कपड्याचा स्पर्श हा फाऊल असला, तरी जिथे पंच नसतो अशा कितीतरी अमेरिकन स्पर्धांत फक्त पांढऱ्या चेंडूला झालेला स्पर्शच फाऊल धरतात, आणि इतर चेंडू चुकून हलला तर तो मूळ जागी ठेवायचा की हलला तिथेच राहू द्यायचा, हे प्रतिस्पर्ध्याने ठरवायचं असतं. ही सोय आहे, तत्त्व नव्हे. पंच नेमायला पैसे नाहीत म्हणून गुन्ह्याची व्याख्याच आखूड करून घेतलेली आहे. काठाला चिकटलेल्या चेंडूची गोष्ट तर शुद्ध महसुली वळणाची वाटते: चेंडू रबराला टेकलेला आहे असं आधी जाहीर केलं नसेल, तर तो टेकलेला नाही असं समजायचं. पंच खाली वाकतो, टेबलाच्या पातळीवर डोळा आणतो, "टेकलेला" म्हणतो, आणि त्या एका शब्दाने फटक्याचा कायदा बदलतो.

खरी डोकेफोड दोन प्रकारांत आहे.

पहिला प्रकार असा की दोन चेंडू एकमेकांना खेटून उभे आहेत, त्यांतला एक कायदेशीर आणि दुसरा बेकायदेशीर, आणि पांढरा चेंडू नेमका त्या दोघांच्या मधल्या खाचेत जाऊन आदळतो. प्रथम स्पर्श कोणाला? मानवी डोळ्याला ते दिसणं शक्य नाही, कारण दोन चेंडूंचा परस्परस्पर्श एका मिलिसेकंदाच्याही अंशात उरकतो. तरीही जाणता पंच इथे केवळ नशिबावर हवाला ठेवीत नाही. स्पर्श पाहण्याचा नाद सोडून तो स्पर्शाचा माग पाहतो. कागदावरच्या गणितात, घर्षण आणि फिरकी वजा केली, तर खेटून उभ्या असलेल्या दोन चेंडूंच्या बरोबर मधोमध आलेला पांढरा चेंडू ज्याला प्रथम लागतो तो दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने निघतो, आणि पांढरा स्वतः ज्याला नंतर लागला त्याच्या बाजूला सरकतो. दोन्ही चेंडू सारख्या वेगाने फाकले आणि पांढरा सरळ किंचित मागे आला, तर स्पर्श एकाच क्षणी झाला असं समजावं. म्हणजे तीन चेंडूंच्या तीन कैफियती जुळवून चौथ्या, कोणी न पाहिलेल्या घटनेचा निकाल द्यायचा. आणि कैफियती जुळल्याच नाहीत तर? तर नियम निःसंदिग्ध आहे: जे ठरवता येत नाही त्यात कायदेशीर चेंडूलाच प्रथम स्पर्श झाला असं गृहीत धरावं. संशयाचा फायदा फटका मारणाऱ्याला. क्रिकेटच्या मैदानावर फलंदाजाच्या वतीने हेच वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, त्यामुळे मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये.

दुसरा प्रकार दुहेरी फटक्याचा, आणि तो अधिक कुटिल. पांढरा चेंडू आणि समोरचा चेंडू यांत अगदी थोडी फट आहे. चॉकच्या वडीच्या रुंदीहून अंतर कमी असेल तर विशेष लक्ष द्यावं, अशी पंचांना सूचना असते. क्यूचं टोक पांढऱ्याला लागतं तो स्पर्श सुमारे एक मिलिसेकंद टिकतो. पांढरा पुढच्या चेंडूला धडकून आपला बहुतेक वेग त्याला देऊन टाकतो आणि जवळजवळ थांबतो. पण क्यू मात्र अजून पुढेच येत असतो आणि थांबलेल्या पांढऱ्याला तो पुन्हा ढकलतो. ही दुसरी ठोस म्हणजे फाऊल. ती दिसत नाही, पण तिच्यामागून पांढरा चेंडू ज्या वेगाने पुढच्याच्या पाठोपाठ धावत सुटतो, ते चालणं न्याय्य फटक्याला कधीच जमत नाही. म्हणून पंच क्यूकडे पाहत बसत नाही. पांढरा क्षणार्धात समोरच्या चेंडूच्या जागेपलीकडे अर्ध्या चेंडूहून अधिक गेला का, एवढंच तो पाहतो. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीत यंत्र अभियांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्सिएटोर यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी अशा फटक्यांची चित्रणं करून ठेवलेली आहेत. ती संथ गतीने पाहताना क्यूचं टोक दुसऱ्यांदा येऊन लागतं तेव्हा भर दुपारी खिसा कापला जाताना पाहावा तसं वाटतं.

या ढकलण्याचं कूळ जुनं आहे. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये 'पुश स्ट्रोक' एकेकाळी राजमान्य होता. 1898 साली त्यावर बंदी आली, आणि बंदी आल्या दिवसापासून ढकललं की मारलं हा वाद सुरू झाला. आपल्याकडे हा खेळ ज्यांच्या नावाने ओळखला गेला, त्या पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यात जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं. त्यांच्या पिढीचे खेळाडू बंदीनंतरच्या त्या कडक शिस्तीतच घडले.

आता या दुहेरी फटक्यातली खरी मौज सांगतो, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसलो. प्रेक्षकांना तो दिसत नाही, पंचाला त्याचा फक्त माग दिसतो, प्रतिस्पर्धी खुर्चीवर दूर बसलेला असतो. पण ज्याच्या हातात क्यू आहे त्याच्या बोटांना तो बहुतेक वेळा कळतो. लाकडातून दुसरा हादरा येतो, आवाज किंचित बोथट होतो, आणि वर्षानुवर्षं रोज आठ तास क्यू हाताळलेल्या माणसाला तो फरक जाणवतो. म्हणजे या खटल्यात एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार खुद्द आरोपीच असतो. अशा साक्षीदाराचं करायचं काय, या प्रश्नाला दोन खेळांनी दोन निरनिराळी उत्तरं दिली आहेत.

स्नूकरचा जन्म 1875 साली जबलपूरच्या छावणीत, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला. मेसमध्ये शब्दाला किंमत होती, निदान तसा देखावा होता, आणि त्याचा अवशेष म्हणून आजही व्यावसायिक स्नूकरमध्ये पंचाला न दिसलेला फाऊल खेळाडूने स्वतः सांगावा अशी रीत आहे. न सांगणाऱ्याकडे सहकारी वेगळ्या नजरेने पाहतात. पूलचं घराणं निराळं. अमेरिकेत 'पूलरूम' हा शब्द मुळी घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावण्याच्या जागेसाठी होता. शर्यतींच्या मधल्या रिकाम्या वेळात गिऱ्हाइकांना रमवण्यासाठी तिथे टेबलं मांडली गेली आणि टेबलांनी नाव उचललं. ज्या खेळाचं बारसं सट्ट्याच्या दुकानात झालं, त्यात प्रतिस्पर्ध्याच्या सदसद्विवेकावर कोणी रोख रक्कम लावीत नाही. आपला फाऊल आपण सांगणारे सज्जन तिथेही पुष्कळ आहेत, पण हाक देणं हे प्रतिस्पर्ध्याचं काम, असा तिथला मूळ पिंड आहे. मला स्वतःला या दुसऱ्या पद्धतीत एक कडवट प्रामाणिकपणा वाटतो. ती माणसाला साधू ठरवीत नाही आणि मग ढोंगी असल्याचा ठपकाही ठेवीत नाही.

साक्षीचा हा प्रश्न केवळ सामन्यांपुरता नाही. विक्रमांच्या इतिहासात तो अधिक स्पष्ट दिसतो. 1907 साली लंडनमध्ये टॉम रीस याने इंग्लिश बिलियर्ड्सचा 4,99,135 गुणांचा ब्रेक केला, तोही अपुरा. कोपऱ्यातल्या पॉकेटाच्या जबड्याशी दोन चेंडू झुलते ठेवून पांढऱ्याने त्यांना अलगद कुरवाळत राहायचं, असा तो प्रकार. सुमारे पाच आठवडे हे कुरवाळणं चाललं होतं. पण त्या ब्रेकला अधिकृत विक्रम म्हणून मान्यता मिळाली नाही, कारण संपूर्ण काळ प्रेक्षक आणि वृत्तपत्रांचे प्रतिनिधी हजर नव्हते. तो करणं शक्य होतं यात कोणाला शंका नव्हती. अशा फटक्यांवरच लगेच बंदी घालावी लागली, एवढं ते शक्य होतं. पण पाहिलं कोणी?

त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, 1954च्या मार्चमध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी विली मोस्कोनी यांनी एका प्रदर्शनीय सामन्यात सलग 526 चेंडू पॉकेटात घातले. 'स्ट्रेट पूल' नावाच्या या प्रकारात एक चुकीचा स्पर्श झाला की मालिका तिथेच संपते, म्हणून 526 हा आकडा म्हणजे 526 वेळा फाऊल झाला नाही असंही एक विधान होतं. ते सिद्ध कसं करायचं? हजर असलेल्या प्रेक्षकांपैकी तिसाहून अधिक जणांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. पूलच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध आकडा जमिनीच्या खरेदीखतासारखा साक्षीदारांच्या सह्यांवर उभा राहिला आणि 65 वर्षं उभा होता. 2019 साली कॅलिफोर्नियात जॉन श्मिट यांनी 626चा पल्ला गाठला. या वेळी साक्षीला माणसं नव्हे तर चित्रफीत होती; ती तपासून मान्यता मिळाली, पण ती सर्वांसमोर ताबडतोब खुली झाली नाही म्हणून जाणकारांत बराच काळ कुरबूर चालली. तिसांच्या सहीवर विश्वास ठेवणारा समाज यंत्राच्या चित्रावर मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज विश्वास ठेवायला तयार नव्हता. 2022च्या जानेवारीत जेसन शॉ या स्कॉटिश खेळाडूने 714 चेंडू घातले, तेही कॅमेऱ्यासमोर. आता यापुढे कॅमेऱ्याविना कोणी असा प्रयत्न करील, असं वाटत नाही.

आणि तरीही कॅमेरा सर्वसाक्षी नाही. नेहमीचं दूरचित्रवाणीचं चित्रण सेकंदाला 25 चित्रं टिपतं. दोन चित्रांमध्ये 40 मिलिसेकंद जातात, आणि क्यूच्या टोकाचा स्पर्श एका मिलिसेकंदाचा. दोन चित्रांमधल्या फटीत असले चाळीस स्पर्श बिनबोभाट मावतील. म्हणून फेरचित्रण पाहणाऱ्या पंचालाही शेवटी तेच करावं लागतं जे टेबलाशी उभा असलेला पंच करतो: स्पर्श सोडून माग पाहणं.

मोठ्या सामन्यांत, म्हणजे युरोप आणि अमेरिका यांच्यात 1994पासून चालत आलेल्या मोस्कोनी चषकासारख्या झगमगाटी प्रसंगी, पंच असतो आणि तो उत्तम असतो. पांढरे हातमोजे घालून तो चेंडूंचा रॅक लावतो, खेळाडूने मागितलं तर चेंडू पुसून देतो, 30 सेकंदांच्या घड्याळाकडे लक्ष ठेवतो, आणि फटक्याच्या वेळी खेळाडूच्या दृष्टिपथात न येता नेमक्या कोनावर जाऊन उभा राहतो. या उभं राहण्यातच त्याची अर्धी विद्या आहे. स्कॉटलंडच्या मिकेला टॅब मूळच्या पूल खेळाडू. पूलच्या मोठमोठ्या सामन्यांत पंचगिरी केल्यावर त्या स्नूकरमध्ये गेल्या आणि 2009 साली स्नूकरच्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचं पंचपद भूषवणारी पहिली स्त्री ठरल्या. त्यांची जुनी चित्रणं पाहताना आवाज बंद करून फक्त त्यांची पावलं पाहावीत, असं मी हौशी मंडळींना सांगतो.

परंतु हा थाट अंतिम फेऱ्यांचा. खुल्या स्पर्धेच्या पहिल्या दिवशी एका विस्तीर्ण सभागृहात डझनावारी टेबलं एकाच वेळी चालू असतात आणि पंच मोजके, फिरते. तिथली वहिवाट अशी की अवघड फटका येतो आहे असं दिसलं की खुर्चीवरच्या खेळाडूने उठावं, हात वर करून खेळ थांबवावा आणि पंचाला बोलवावं. पंच येतो, वाकतो, पाहतो, निकाल देतो आणि दुसऱ्या टेबलाकडे चालू लागतो. ज्याने आधी बोलावलं नाही आणि फटक्यानंतर ओरड केली, त्याची तक्रार बहुधा टिकत नाही. म्हणून अनुभवी खेळाडू खुर्चीवर बसलेला असतानाही आराम करीत नसतो. पुढच्या फटक्यात कोणता गुन्हा संभवतो याचा तो आगाऊ पंचनामा करीत असतो.

गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या एका उपनगरात, एका इमारतीच्या तळघरातल्या पूल पार्लरमध्ये रविवारची छोटी रोख बक्षिसाची स्पर्धा चालली होती आणि मी भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा घेत बसलो होतो. छताचा पंखा टेबलावरचा चॉकचा निळा धुरळा हलवीत होता. पंच नव्हता. तीन नंबरचा चेंडू काठापासून वीतभर अंतरावर, त्याच्यामागे पांढरा, मधे नखाएवढी फट. खेळायला वाकलेल्या मुलाला दुसऱ्याने थांबवलं. "थांब, थांब. काका, जरा येता का? हा शॉट बघा."

मी चहाचा कप खिडकीत ठेवून गेलो आणि टेबलाच्या कडेवर हनुवटी येईल इतका वाकलो. मुलाने क्यूची मागची बाजू उंच केली, दोनदा हवेत झुलवली आणि मारलं. आवाज एकच आला, पण तो स्वच्छ नव्हता. तीन नंबर काठावर आदळून मधल्या पॉकेटात पडला. पांढरा त्याच्यामागून पुढे आला आणि थांबला. अर्धा चेंडू पुढे असेल, किंवा थोडा कमी. मी त्या जागेकडे पाहत राहिलो, आणि पांढऱ्याची मूळ जागा दाखवणारी कापडावरची खूण शोधू लागलो, पण कापड जुनं होतं आणि त्यावर खुणा शेकड्याने होत्या.

"काका, डबल हिट ना?" तक्रार करणारा म्हणाला.

ज्याने फटका मारला होता तो काही बोलला नाही. तो चॉक घासत होता, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ, आणि क्यूच्या टोकाकडे पाहत होता.

"काका, पाहिलंत का तुम्ही?"

"वाटलं," मी म्हणालो.

तक्रार करणाऱ्या मुलाने आणखी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तो आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. दुसऱ्याने चॉकची वडी काठावर ठेवली, वाकला, आणि चार नंबर खेळला.